ओल्या कुंकवाचा जामीन

१. टाळ्या थांबल्या तेव्हा

गणपतीसमोरून मोदक नाहीसे झाले तर कुणी नवल करत नाही. पण २००४ सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेत बेलव्ह्यूमधल्या नंदू सरपोतदारच्या घरी, गणपतीसमोरून बारा हजार डॉलरचा जामीन नाहीसा झाला. तोही वीस-बावीस माणसं समोर उभी राहून टाळ्या पिटत असताना.

"कागद उचललात का कुणी?" नंदूने विचारलं. आधी हसत. मग चौरंगाखाली वाकून. मग मखरामागे खांद्यापर्यंत हात घालून, आणि तेव्हा मात्र अजिबात न हसता.

कागद म्हणजे बॉन्ड. त्या राज्यात दुसऱ्याचं स्वयंपाकघर तोडून नवं बांधायचा धंदा करायचा, तर कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं, आणि लायसन्सला जामीन लागतो. उद्या या गड्याने एखाद्या बाईचा ओटा उखडून पोबारा केला, तर बॉन्ड कंपनी त्या बाईला भरपाई देणार, आणि मग वसुलीला गड्याच्या दारात येणार. म्हणून कंपनी नवऱ्याबरोबर बायकोचीही सही घेते. सरकारच्या खिडकीवर कागद मूळच लागतो, उठावाच्या शिक्क्याचा. झेरॉक्सला तिथे कुणी विचारत नाही.

तो मूळ कागद बुधवारी दुपारी कुरिअरने आला आणि त्याच संध्याकाळी आरतीला देवासमोर ठेवला होता. शुक्रवारी पाचच्या आत तो खिडकीवर पोचायला हवा होता. नैना आणि वीर या जोडप्याचं स्वयंपाकघर हे नंदूचं पहिलं मोठं काम. त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेने बजावलं होतं की शुक्रवारपर्यंत लायसन्स नंबर द्या, नाहीतर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा. आणि नवा बॉन्ड मागवायचा तर आठवडा.

"डबल चेक केलंस का, नंदू?" वीरने विचारलं.

"वीर, देवाच्या मूर्तीखालीसुद्धा बघितलं!"

कोपऱ्यातल्या खुर्चीत नंदूच्या सासूबाई, अहिल्याबाई दामले, गुडघे चोळत बसल्या होत्या. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. या बाईंनी सांगलीच्या विमा कचेरीत तीस वर्षं क्लेम तपासले होते. त्यांच्या नाकाची ख्याती अशी की एकदा हळदीचं गोदाम जळालं, मालक छाती पिटत होता. बाईंनी चिमूटभर राख हुंगली आणि म्हणाल्या, "यात हळद नव्हतीच. गोणपाट होतं, आणि तेही उसनं." मालक तिथल्या तिथे रडायचा थांबला म्हणतात. तीस वर्षांत त्यांनी एकही खोटा क्लेम पास केला नाही. या गोष्टीतलं निदान एवढं तरी कागदोपत्री खरं आहे.

"कुणी हलू नका," त्या म्हणाल्या. आणि खरंच, वीस-बावीस सॉफ्टवेअर इंजिनियर पुतळ्यासारखे उभे राहिले.

२. खिसे

"झटका रे सगळे खिसे!" कुमार पेठे गरजला आणि पहिला खिसा स्वतःचा उलटा केला. कुमार म्हणजे अठरा वर्षं बेलव्ह्यूत लाद्या आणि ओटे बसवणारा जुना कॉन्ट्रॅक्टर. नैनाच्या स्वयंपाकघराचं कोटेशन आधी त्यानेच दिलं होतं. नंदूने ते काम नेल्यापासून तो नंदूला 'आमचे विश्वकर्मा' म्हणायचा, आणि तेही दात न उघडता.

खिसे झटकले, पर्सेस उघडल्या. किल्ल्या निघाल्या, चिल्लर निघाली, एका कोट्यधीशाच्या खिशातून हॉटेलातल्या साखरेच्या सात पुड्या निघाल्या. बॉन्ड निघाला नाही.

"चिडू नका कुणी," शंतनू हळूच म्हणाला. "सापडेल. देवासमोरून कुठे जाणार?"

शंतनू वर्तक नंदूचा जिवलग. दोघं एकाच कंपनीत सात वर्षं शेजारी बसायचे. नंदूला ग्रीन कार्ड मिळालं आणि तीन महिन्यांत नोकरी गेली. मग त्याने एका व्हिएतनामी सुताराच्या हाताखाली अडीच वर्षं काढली, आणि आता हा धंदा. शंतनू अजून त्याच खुर्चीत, त्याच व्हिसावर. गावातल्या आरत्या मात्र त्याच्याच. डोळे मिटून गाऊ लागला की सगळं, एक अक्षर न चुकता. बाकीचे पुस्तकात बघून अडखळत मागून यायचे.

"शंतनू, मोदक घे रे," नंदूच्या बायकोने, रुचाने, ताट पुढे केलं. दर वर्षी अकरा खाणारा हा प्राणी.

"नको वहिनी. पोट बरं नाही."

कुमारने आरतीची पुस्तकं गोळा केली. उद्याची आरती त्याच्याकडे, आणि रिवाज असा की ज्याच्या घरी उद्याची आरती, त्याच्याकडे पुस्तकांची कापडी पिशवी. "द्या, मी गाडीत ठेवतो," म्हणत शंतनूने ती उचलून नेली. पाहुणे पांगले.

अहिल्याबाईंनी भांडी आवरायला म्हणून लेकीला शोधलं. रुचा कपडे धुवायच्या खोलीत, मशीनला टेकून, पदर तोंडात कोंबून रडत होती.

"आई," ती म्हणाली, "तो कागद जावा असं मीच मागितलं होतं गणपतीकडे."

३. लेकीचा जबाब

बाईंनी खोलीचं दार लोटलं. क्लेम तपासणाऱ्याच्या घरातच क्लेम निघावा, याहून वाईट काय?

"नीट सांग."

"त्या कंपनीने माझी पण सही घेतली. हे घर माझ्या पगारावर उभं आहे, आई. तरी केली सही. आणि कुणासाठी? ती नैना! दिवसातून सहा फोन. 'नंदू, विच हँडल? नंदू, विच टाइल?' माझ्याकडे सहा वर्षं एक कपाटाचं दार लोंबतंय, ते लावायला वेळ नाही याला."

"जळतेस होय?"

"जळतेय. आरती चालू असताना उठून इथे आले ते रडायलाच. पण मागितलं फक्त. हात नाही लावला."

अहिल्याबाईंनी लेकीचे दोन्ही हात दिव्याखाली धरले. दुपारी रुचाने कुंकू पाण्यात कालवून बॉन्डच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके लावले होते. नंदू ओरडला होता, "अगं, सरकारी कागद आहे तो!" ती म्हणाली होती, "म्हणूनच स्वस्तिक नाही काढलं." दमट हवेत ते कुंकू आरतीपर्यंत ओलंच होतं. पण हाताला कुंकू म्हणाल तर आज घरात कुणाच्या नव्हतं? बावीस कपाळं, बावीस बोटं. असला पुरावा सांगलीत कारकुनानेसुद्धा फेटाळला असता.

मग बाईंनी विचार उलटा केला. ओलं कुंकू हाताला लागतं, तसं कागदालाही लागतं.

"रुचा, उद्या मला कुमारकडे सोड."

"कुमारकाकांवर संशय आहे?"

"माझा संशय कागदावर आहे," त्या म्हणाल्या.

४. झांजवाल्याच्या घरी

गुरुवारी दुपारी कुमार आपल्या गॅरेजमध्ये लाद्यांच्या नमुन्यांत बसला होता. बाईंना बघून तो उठला नाही.

"या अहिल्याताई. झडती घ्यायला आलात? घ्या! मी बॉन्ड चोरून करू काय, त्यावर पापड वाळवू?"

"काम तर तुम्हालाच मिळेल ना, नंदूचं राहिलं तर?"

"मिळेल! आणि मी घेईनही! मनातून गुदगुल्यासुद्धा झाल्या मला काल, खोटं कशाला बोलू? अठरा वर्षं गुडघे फोडले मी या गावात. आणि हा काल आला, तर लोक म्हणतात नंदूला काय सुरेख डोळा आहे. मला काय मोतीबिंदू आहे?" तो थांबला. "पण चोर नाही मी. आणि काल माझ्या दोन्ही हातांत झांज होती, विचारा कुणालाही."

विचारायची गरज नव्हती. त्या झांजेने बाईंचा उजवा कान अजून वाजत होता. आरतीच्या पहिल्या ओळीपासून फुलं वाहून संपेपर्यंत कुमारने झांज खाली ठेवली नव्हती. माणूस जळका होता, पण हात गुंतलेले होते.

"पुस्तकांची पिशवी दाखवता?"

पिशवी आली. त्यात पुण्याहून आणलेली पंधरा-वीस आरतीची पुस्तकं होती, तळहाताएवढी, खिशात मावणारी. आणि दोन निळ्या प्लॅस्टिकच्या मोठ्या फाईली. नैना आणि वीर दोघं इथेच जन्मलेले, मराठी बोलतात पण वाचता येत नाही. त्यांच्यासाठी रुचाने आरत्या इंग्रजी अक्षरांत, पूर्ण आकाराच्या कागदांवर छापून या दोन फाईली केल्या होत्या.

पहिली फाईल स्वच्छ. दुसरी उघडताच बाईंचा हात थांबला. शेवटच्या पानावर चार लाल ठिपके होते. चार कोपऱ्यांत चार.

"बापरे," कुमार म्हणाला, आणि त्याचा चेहरा लादीसारखा पांढरा पडला. "ताई, पिशवी रात्रभर माझ्याकडे होती. पण देवाशप्पथ मी ती उघडलेलीसुद्धा नाही!"

कागद मात्र फाईलमध्ये नव्हता. बाईंनी फाईल काखेत मारली आणि कुमारला बजावलं, "हे तूर्त कुणाला बोलू नका."

५. नैनाचा फोन

घरी आल्यावर नंदू पायरीवर बसलेला दिसला. बॉन्डच्या एजंटशी चौथ्यांदा बोलून झालं होतं. मांडीवर अर्जाचे बाकीचे कागद, एकावर एक, अगदी कडेला कड लावून रचलेले.

"आई, उद्या पाच वाजता संपलं," तो म्हणाला. "रुचाने घर टांगणीला लावलं माझ्यासाठी. आता कुठल्या तोंडाने तिला सांगू की पहिलंच काम गेलं?"

"धंद्याचं नाव काय ठेवलंयस रे?"

"चूल किचन्स. नाव शंतनूचं. आम्ही कॅन्टीनमध्ये पेपर नॅपकिनवर ओटे काढायचो ना, तेव्हा सुचवलं होतं त्याने."

बाई आत गेल्या आणि त्यांनी नैनाला फोन लावला.

"मावशी, आय फील सो बॅड," नैना म्हणाली. "पण बँक ऐकत नाही. व्हॉट कॅन आय डू?"

"एवढंच सांग, काल आरतीला तुझ्या हातात फाईल होती?"

"नो! वीरकडे होती, मी त्याच्यात बघत होते. माझी कुणीतरी घेतली. मी विचारलं पण, बट नोबडी हर्ड. कुमार अंकलची ती झांज!"

बाईंनी फोन ठेवला, डोळे मिटले आणि काल संध्याकाळी खुर्चीतून दिसलेलं सगळं पुन्हा लावून पाहिलं. वीरच्या हातात एक निळी फाईल. नैनाचे हात रिकामे. आणि चौरंगाच्या सगळ्यांत जवळ, डोळे मिटून, सगळं तोंडपाठ गाणारा एक माणूस. त्याने दुसरी निळी फाईल छातीशी धरलेली.

काल बाईंना वाटलं होतं, देवाचं म्हणून धरली असेल.

६. बंद गाडीत

ज्या बाईला अमेरिकेत गाडी चालवता येत नाही, तिला एक फायदा असतो. तिला कुणीतरी गाडीतून न्यावं लागतं, आणि गाडीत माणूस पळून जाऊ शकत नाही.

"शंतनू, मला जरा लायसन्सच्या कचेरीत सोड," शुक्रवारी दुपारी तीनला त्या म्हणाल्या. "मुदतवाढ मागून बघते. म्हातारीला बघून पाघळतील."

तो ऑफिसातून आला. दोन दिवसांत गाल बसले होते. गाडी हमरस्त्याला लागल्यावर बाई बोलू लागल्या, जणू प्रवासात वेळ जावा म्हणून.

"एक कोडं सोडव. तुला सगळ्या आरत्या पाठ. मग हातात पुस्तक कशाला? बरं, घेतलंस तर छोटं मराठी का नाही? मराठी वाचणाऱ्याने इंग्रजी अक्षरांची फाईल घ्यावी, आणि जिला ती हवी तिने रिकाम्या हाताने उभं राहावं?"

शंतनूने आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"कारण छोट्या पुस्तकात बॉन्ड मावत नाही. मोठ्या फाईलमध्ये मावतो, घडी न घालता. फुलं वाहायला वाकलास, शेवटचं पान उघडून फाईल कागदावर पालथी ठेवलीस, दोन्ही मिळून उचललंस. नंतर पिशवी तूच कुमारच्या गाडीत नेलीस, तेव्हा कागद काढून घेतलास. फक्त कुंकू ओलं होतं, ते विसरलास."

"मावशी..."

"पुढे ऐक. घडी घातली असतीस तर खिशात गेला असता, आणि खिसे झटकायच्या आधी बाथरूममध्ये फाडता आला असता. कुमारने घेतला असता तर तसाच फाडला असता. ज्याला नासवायचं असतं तो घडी घालतो. तू नाही घातलीस. जपलास. म्हणजे परत द्यायचा होता. मैत्रातली चोरी अशीच असते, आणि म्हणूनच तुला मोदक गेला नाही."

गाडी हळू झाली. शंतनूने ती एका गवताळ कडेला घेतली आणि चाक धरून बसून राहिला.

"नोकरी त्याची गेली," तो म्हणाला. "तेव्हा मी त्याला मिठी मारून रडलो होतो, मावशी. खरं रडलो होतो. पण नोकरी गेली आणि तो सुटला. माझी टिकली आणि मी अडकलो. या व्हिसावर मी चहाची टपरीसुद्धा टाकू शकत नाही. परवा कागदावर बघितलं, 'चूल किचन्स'. माझं नाव. म्हणजे, मी ठेवलेलं. आणि खाली मालक म्हणून एकट्या नंदूची सही. मला एकदम... पोटात निखारा टाकल्यासारखं झालं."

"परत कधी देणार होतास?"

"शनिवारी. मखर आवरताना मागे सापडला असता."

"आणि शुक्रवारचं काय?"

शंतनूने बाजूने जाणाऱ्या गाड्यांकडे तोंड फिरवलं. 

"कुठाय?"

"डिकीत. स्टेपनीच्या वर, दोन पुठ्ठ्यांच्या मधे."

बाईंनी घड्याळ बघितलं. पावणेचार. रुचाला फोन करून नंदूला बाकीच्या कागदांसह कचेरीत पाठवायला सांगितलं, आणि मग शंतनूला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या इतर गोष्टींत हत्ती विहिरीतून बाहेर यायचे. ही गोष्ट साधी होती.

"सांगलीला माझ्या शेजारच्या टेबलावर सुलेखा होती. माझ्यामागून आली, आणि प्रमोशनची फाईल तिची निघाली. मी ती माझ्या ड्रॉवरमध्ये दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी परत ठेवली, पण तोवर यादी गेली होती. वर्षभर लांबलं तिचं. तिला आजतागायत माहीत नाही. दर दिवाळीला पत्र लिहिते मला. 'प्रिय अहिल्या' म्हणून."

शंतनू चाक सोडून त्यांच्याकडे वळला.

"त्या दोन दिवसांत मलाही घास गेला नव्हता. म्हणून ओळखलं तुला. आता ऐक. कागद ओल्या कुंकवाने फाईलला चिकटला, फाईल घाईत तुझ्या सामानात गेली, आज तुला दिसली. असं मी सांगणार. तुझा जामीन मी राहते. पण जामीन म्हणजे काय ते आता तुलाही कळलंय. उद्या पुन्हा असं केलंस, तर भरपाई मी भरेन, आणि वसुलीला तुझ्या दारात उभी राहीन. आणि कधीतरी, धीर होईल तेव्हा, नंदूला तू स्वतः सांगायचंस. मुदत मी घालत नाही. चालव गाडी."

७. गुण्या

पाचला दहा मिनिटं असताना खिडकीवरच्या गोऱ्या बाईने बॉन्ड उलटसुलट केला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि ठिपक्यांशी येऊन थांबली. "रक्त आहे का हे?"

"नाही. माझ्या बायकोचा आशीर्वाद आहे," नंदू इंग्रजीत म्हणाला.

बाईने शिक्का उचलला, जरा विचार केला, आणि तो ठिपक्याला लागणार नाही असा जपून मारला.

त्या संध्याकाळी घरात हसण्याचा नुसता पूर. रुचाने नैनाला स्वतः फोन करून नंबर दिला, आणि लगेच नंदूला म्हणाली, "सोमवारी तिचं सुरू कर. पण शनिवारी माझं कपाटाचं दार!" कुमार फोनवर म्हणाला, "अभिनंदन, विश्वकर्मा," आणि या वेळी एक दात तरी उघडला असावा. आणि अहिल्याबाईंनी चिकटलेल्या कागदाची गोष्ट सांगितली ती इतकी रंगवून, की शेवटी त्यात गणपतीचा उंदीरही आला.

पाहुणे गेल्यावर नंदू निळी फाईल घेऊन त्यांच्या शेजारी बसला. हातात सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा.

"आई, हे ठिपके बघितलेत? पानाच्या कोपऱ्याला कोपरा. गुण्या लावून बघितला, केसभर फरक नाही. आपोआप चिकटलेला कागद तिरका बसतो हो. हा कुणीतरी नीट सरळ करून ठेवलाय."

अहिल्याबाईंनी जावयाकडे पाहिलं. लोक उगीच म्हणत नव्हते, पोराला डोळा होता.

"क्लेम पास झालाय, नंदू," त्या म्हणाल्या.

नंदूने बराच वेळ ते पान न्याहाळलं. मग फाईल मिटली.

"मग मी अपील करत नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन उचलला. "शंत्या? सोमवारी लंचला नैनाकडे ये. काही करायचं नाही, नुसतं बघायचं. सिंक खिडकीखाली घ्यायचं, असं नॅपकिनवर तूच काढलं होतंस ना? बरोबर होतं का ते बघ. ... अरे रडतोस काय, यार? येतोस ना?"

विसर्जनाच्या दिवशी शंतनूने एकवीस मोदक खाल्ले. कुणी एकतीस सांगतं. कुमारने मात्र ठासून सांगितलं की बावीसचा विक्रम त्याचा होता, आणि तो त्याने कधीच कुणाला दाखवण्यासाठी केला नव्हता.

अहिल्याबाईंनी त्या वर्षी दिवाळीची वाट पाहिली नाही. दसऱ्यालाच सांगलीला पत्र टाकलं, सुलेखाच्या नावाने. चार पानं होती. आत काय होतं ते रुचाला वाचू दिलं नाही. पाकीट बंद करण्याआधी त्यांनी वाटीत कुंकू कालवलं, शेवटच्या पानाच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके लावले, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत पत्रासमोर बसून राहिल्या.